अपडेट येत नसेल तर आधी घड्याळ पहा

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचे अपडेट येऊन नाही राहिले असं कोणी म्हटलं की मी पहिले खालच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहतो. आमच्या दारव्हा तालुक्यात जुने डेस्कटॉप लय आहेत, कोणाच्या पोराने एमएस-सीआयटी केलं तेव्हा घेतलेले, आता त्याच्यावर सातबारा काढणं, पीक विम्याचा फॉर्म, पोरीच्या नोट्स असं सगळं चालते. अपडेट अडकलं की लोक डायरेक्ट मशीन उचलून दुकानात नेतात, तिथे फॉरमॅट मारून देतात आणि पुन्हा कटकट नको म्हणून अपडेटची सर्व्हिसच बंद करून देतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा साधं असते आणि घरीच बरं होते.

परवा आमच्या काकाजींकडे हेच झालं. एरर येऊन राहिला, क्रोमही म्हणते कनेक्शन सुरक्षित नाही, आणि तारीख पाहिली तर थेट २०१२. मी विचारलं, "काकाजी, काम झाल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करता का?" तर म्हणाले, "मंग! लाइन कमी-जास्त होते रे बाबू, जळून गेलं तं?" बरोबर आहे त्यांचं, बटन बंद करायलाच पाहिजे. पण बटन चालू असलं की आतलं घड्याळ बोर्डाच्या करंटवर चालते आणि बंद केलं की मदरबोर्डावरच्या गोल सेलवर, त्यामुळे आपल्याकडे तो सेल लवकर उतरते. सेल उतरला की मशीन दरवेळी जुन्या तारखेवर जाते. आता अपडेटचा सर्व्हर असो की बँकेची साइट, प्रत्येकाच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्यावर, तो कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असते, आणि मशीनच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग ते कनेक्शन तोडून टाकते. त्याच्यात नेटचा काही दोष नाही.

सेलचा नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळते. प्लग काढून टाका, बाजूचं झाकण उघडा, सेलच्या कडेची छोटी पत्री नखाने दाबली की तो वर उचलून येते, नवा बसवताना प्लसची बाजू वर. मग तारीख-वेळ हाताने टाका आणि टाइमझोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्लीवाला, +५:३० चा आहे का तेही पहा, तो चुकला तर घड्याळ बरोबर दिसूनही आतून तासांचा फरक राहते. काकाजींचं एवढ्यावरच सुरू झालं.

घड्याळ बरोबर असेल तर मग नेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांनी वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन (म्हणजे डेटा जपून वापरायचं सेटिंग) ऑन आहे का पाहावं, ते ऑन असलं की विंडोज अपडेट आपोआप उतरवत नाही. दुसरं म्हणजे रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येते, त्या स्पीडने १ जीबी उतरायला ३४-३५ तास लागतात, म्हणजे अपडेट अडकलेलं नसते, ते बिचारं चालूच असते. एक चांगलं आहे, डाउनलोड होताना लाइन गेली तरी घाबरायचं कारण नाही, लाइन आल्यावर ते जिथे थांबलं तिथूनच पुढे उतरते. पण इन्स्टॉल होताना, टक्के फिरत असताना लाइन गेली तर मात्र विंडोज केलेलं सगळं मागे फिरवत बसते, म्हणून रीस्टार्ट लाइनचा भरवसा असेल तेव्हाच करा, नाहीतर इन्व्हर्टरवर.

जागा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून साफ करा, पण त्या यादीत डाउनलोड्सही असते, त्याच्यावर टिक करू नका, आपल्या घरी सातबारा आणि विम्याच्या पावत्या सगळ्या तिथेच पडलेल्या असतात.

एवढं करूनही तेच अपडेट फेल होत असेल तर अर्धवट उतरलेली फाइल खराब झालेली असू शकते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर या दोन्ही थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनच्या आत डाउनलोड आहे त्याच्यातलं सगळं उडवा, दोन्ही सर्व्हिस चालू करून रीस्टार्ट मारा. आपल्या कामाचं त्याच्यात काही नसते. आणि नेटच धड नसेल तर अपडेटचा केबी नंबर (अपडेटच्या नावात KB पुढे असते तो) लिहून घ्या, यवतमाळला कोणाकडे चांगलं नेट असेल तिथे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून तीच फाइल पेनड्राइव्हवर आणा आणि डबल क्लिक करा.

पण अपडेट बंद करून ठेवू नका, हात जोडून सांगतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला, जगभर लोकांच्या फाइली लॉक झाल्या, आणि त्याचा इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, दोन महिने आधी दिलेला होता, ज्यांनी तो टाकलाच नव्हता ते सापडले.

आता विंडोज १० वाल्यांसाठी. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे काही जणांकडे अपडेट येत नाही ते बिघाडामुळे नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आपले जुने डेस्कटॉप त्याच्यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण त्यासाठी मशीन २२एच२ वर, म्हणजे विंडोज १० च्या शेवटच्या व्हर्जनवर पाहिजे. स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करा, व्हर्जन दिसेल, जुनं असेल तर आधी वरची दुरुस्ती करून २२एच२ वर आणा, तोपर्यंत नोंदणीचा ऑप्शन दिसत नाही.