पऱ्हाटी की मराठी?

"पऱ्हाटीवर बोंडअळी आली, कोनतं औषध मारू?" काकांनी आज धुऱ्यावर उभं राहून मोबाईलला विचारलं. (धुऱ्यावर, कारण रेंज तिथंच येते.)

फोन अदबीनं म्हणाला, "आपल्याला मराठीविषयी काय जाणून घ्यायचे आहे?"

"मराठीले नाही लेका, पऱ्हाटीले लागली अळी!"

मला हसू आवरेना. शेवटी काका 'कापूस' म्हणाले, तेव्हा कुठं गाडी कामगंध सापळ्यांवर (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून पकडणारे) आली. सल्ला तसा बरा होता. फोन खिशात टाकत काका म्हणाले, "पोट्टं हुशार हाये, पन आपल्याकडचं नाही."

तेच डोक्यात घोळतंय. १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं, तेव्हा ते इंग्रजीवाल्यांचंच होतं. आमच्याकडे आलं ते तालुक्याच्या सायबर कॅफेतून, तासावर पैसे मोजत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, न वाचणारेही व्हिडिओ पाहू लागले. आता तर नुसतं बोलायचं.

रात्री जेवताना काका काकूला म्हणाले, "उद्या कापसात सापळे लावाले जातो."

कालपर्यंत 'पऱ्हाटीत' म्हणाले असते ना?