बासमतीच्या पिशव्या, पुठ्ठे आणि भाड्याच्या घराचं लॅमिनेट

म्युनिकमधलं भाड्याचं घर सोडायचं ठरलं की पहिला विषय निघतो तो रंगाचा. अनामत म्हणून इथे जास्तीत जास्त ३ महिन्यांचं मूळ भाडं घेता येतं आणि ते परत मिळणार घराची पाहणी झाल्यावर. म्हणून करारातलं रंगकामाचं कलम, म्हणजे रंग भाडेकरूनं द्यायचा असं सांगणारं, आधी नीट वाचावं. घर मिळालं तेव्हाच भिंती कळकट असतील आणि त्याबद्दल काही भरपाई दिली नसेल, तर छापील करारातलं असं कलम भाडेकरूला लागू होत नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिलाय. पण पांढरी मिळालेली भिंत तुम्ही हौसेनं लालभडक केली असेल, तर ती निमूटपणे फिकी करून द्यायची.

आई फोनवर म्हणते, "अगं, पेंटर बोलाव ना, काय हे!" इथल्या पेंटरचा तासाचा दर तिला सांगायची हिंमत मी अजून केलेली नाही. रोलर आपणच धरायचा, आणि रंगाचे थेंब जमिनीवर पडू नयेत हेही आपणच बघायचं.

भिंत चुकली तर दुसरा हात मारता येतो. खरी धाकधूक खालच्या जमिनीची. आपल्याकडे शहाबादी किंवा मोझेक फरशीवर थेंब पडले तर ब्लेडनं खरवडायचे, टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, संपलं. इथे लॅमिनेट. म्हणजे दाबून बनवलेला लाकडाचा भुसा आणि त्यावर लाकडाच्या चित्राचा पातळ थर. सांध्यात पाणी मुरलं की कड फुगते ती फुगतेच, आणि ब्लेड लावलं की ओरखडा कायमचा. त्यात भिंतींना राउफाजर, कागदात लाकडाचा भुसा घातलेला खरखरीत वॉलपेपर. वुपरटालच्या ह्यूगो एरफुर्टनं १८६४ मध्ये काढलेला हा प्रकार जर्मनीत घरोघरी आहे. त्याच्या खाचाखोचा भरायला रोलर चांगला भिजवून घ्यावा लागतो, आणि मग तुषार उडतातच.

जमीन झाकायला दुकानात मालरफ्लीस नावाचं अंथरायचं कापड मिळतं, वरून शोषून घेणारं आणि खालून प्लास्टिक लावलेलं. पण इथे शनिवारी रात्री ८ ला दुकानं बंद, रविवारी तर सगळंच बंद. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दारात उभे राहतील. रोलर मात्र आवाज करत नाही, त्यामुळे बहुतेकांचं रंगकाम नेमकं रविवारी निघतं. मग घरातल्याच वस्तू धुंडाळायच्या.

मालरफ्लीसचं तत्त्व ध्यानात ठेवलं की झालं: खाली अडवणारं, वर शोषणारं. नुसतं प्लास्टिक टाकलं तर थेंब ओलाच राहतो, तळपायाला लागतो आणि स्वयंपाकघरापर्यंत जातो. शिवाय त्यावर पाय घसरतो. नुसती जुनी चादर किंवा सुती साडी टाकली तर मोठा थेंब आरपार. दोन्ही मिळून चालतात: खाली शॉवरचा जुना पडदा, वर चादर. वर्तमानपत्राचं म्हणाल तर इथे रद्दीवाला नाही, पण पेटीत फुकट जाहिरातपत्रकांचा ढीग येतो. ती गुळगुळीत, काही शोषत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ठीक, जमिनीवर नकोत.

सगळ्यात भारी म्हणजे सामान हलवायची खोकी. उलगडून, छापील बाजू वर करून पसरायची. त्याआधी व्हॅक्यूम फिरवायचाच, कारण खाली एक खडा राहिला आणि वर शिडीचा पाय आला की पुठ्ठाच ओरखडा काढतो. पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवून सांधे चिकटपट्टीनं बंद करायचे. भिंतीलगत मात्र क्रेपची पट्टी (मास्किंग टेप), तीही जमिनीला नाही, भिंतीच्या तळाशी असलेल्या स्कर्टिंगच्या पाटीला लावायची. रंग ओलसर असतानाच सावकाश ओढायची. रात्रभर राहिली तर वाळलेला रंग तिच्याबरोबर सोलून येतो.

आता बासमती. १० किलोच्या विणलेल्या पिशव्या आपल्या प्रत्येक घरात कपाटामागे कोंबलेल्या असतातच. शिवण उसवून पिशवी उघडली की बादलीखाली घालायला फर्स्टक्लास आसन. त्यावर जुनी परात, परातीत बादली. झाकण उघडताना आणि रोलर निथळताना सांडतं ते परातीत. दाराच्या उंबऱ्यात ओला टॉवेल, बाहेर पडताना पाय पुसायला. एवढं करूनही थेंब पडलाच तर ओला असतानाच फडक्यानं टिपून घ्या. वाळला असेल तर कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ ठेवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूच उचला, पण सांध्यावर पाणी साचू द्यायचं नाही.

रंग लागलेले पुठ्ठे कागदाच्या निळ्या डब्यात टाकू नका, ते वेगळा न करता येणाऱ्या इतर कचऱ्यात जातात. स्वच्छ राहिलेले घडी घालून ठेवा, इथे कुणा ना कुणा मराठी मंडळींचं घर बदलणं चालूच असतं.