डेंगळा

दोन वर्षांआधी मी कांद्याच्या फुलासाठी पैसे मोजले. घरी पाहुणे आले की हा विषय अजूनही निघतो.

मोबाइलवर फोटो पाहिला होता. छातीपर्यंत येणारा सरळसोट दांडा आणि त्यावर नारळाएवढा जांभळा गोंडा. नाव ॲलियम. ३ गड्डे मागवले. खोकं उघडलं तेव्हा माय शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं एक गड्डा उचलून नाकाशी नेला. "कांदाच तं आहे हा. केवढ्याले भेटला?" मी किंमत निम्मी करून सांगितली, तरी तिनं तो इंगळासारखा खाली ठेवला.

तिचं नाक बरोबर होतं. ॲलियम हे लसणाचं लॅटिन नाव. कांदा, लसूण आणि ही शोभेची मंडळी एकाच गोतातली. मी मागवलेली ॲलियमची जात जायगँटियम, मध्य आशियाकडची. तिकडे गड्डा हिवाळाभर गारठ्यात पडून राहतो आणि तो गारठा अंगात मुरल्याशिवाय फूल धरत नाही. आमच्या बुलढाण्याकडची थंडी म्हणजे चार दिवसांची शेकोटी. म्हणून गड्डे कागदी पिशवीत घालून १२ आठवडे फ्रिजमध्ये ठेवले. तेवढ्या दिवसांत ते पोह्यांत गेले नाहीत, ही बायकोची मेहरबानी.

डिसेंबरात वाफ्यात लावले. आमची माती काळी, पाणी धरून बसणारी, म्हणून खाली नाल्यातली रेतीही घातली. तरी अवकाळी पावसानं दोन सडवले. तिसऱ्याला पट्ट्यासारखी रुंद पानं आली आणि मार्चच्या उन्हात पिवळी पडली. या जातीची पानं फुलण्याच्या सुमारास वाळतातच, असं वाचलं होतं. त्या आशेवर आणखी पंधरा दिवस पाणी घातलं. मग उकरून पाहिलं, तर हाताला नुसती सालपटं लागली.

हे सगळं चाललं असताना आमच्या वावराच्या धुऱ्यापलीकडे, काकांच्या प्लॉटमध्ये, कांदा फुलला होता. मेहकर-चिखलीकडे कांद्याचं बी घेणारे बरेच. मी रोज तिथून जायचो आणि एकच विचारायचो, "एकरी किती होईल?" त्या मार्चात, माझा वाफा रिकामा झाल्यावर, पहिल्यांदा थांबून पाहिलं. दांडा पोकळ आणि मध्याच्या जरा खाली फुगलेला, सापानं बेडूक गिळल्यासारखा. वर शेकडो पांढऱ्या चांदण्या, सहा-सहा पाकळ्यांच्या, प्रत्येक पाकळीवर एक हिरवी रेघ. सगळ्या एकदम उमलत नाहीत. एकाच गोंड्यात कळ्या, फुलं आणि धरू लागलेलं बी. एकाच फुलातले पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे मधमाशीवाचून बी भरत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत काका फवारणीचा पंप बांधावरही येऊ देत नाहीत. मधमाश्यांचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत येतो.

खायच्या कांद्यात हाच दांडा निघाला तर त्याचं नाव डेंगळा. थंडी जास्त लागली की येतो, कांदा पोसत नाही, व्यापारी भाव पाडतो. शिवी द्यावी तसा तो शब्द उच्चारतात. मी गड्ड्यांना फ्रिजात घालून जे मागत होतो, तेच इथं आपसूक आलं की माणसं कपाळाला हात लावतात.

गेल्या दिवाळीनंतर कोंब फुटलेले ५ कांदे मीच परसात लावले. "बी धराचं हाय का?" मायनं विचारलं. म्हटलं, नाही, फुलासाठी. फेब्रुवारीत पाचही फुलले. त्यातला एक गोंडा तोडून मी देवघराकडे निघालो, तर तिनं दारातच अडवलं. "कांदा देवाले चालते का?" बायकोला विचारलं, तिनं वेणीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सध्या तो टीव्हीशेजारी स्टीलच्या गिलासात उभा आहे. पाणी मीच बदलतो. वास येतो.