बंड्याने मान उचलली नाही

आज दुपारी वॉटसन लेक या गावी आरव्हीत, म्हणजे आमच्या राहत्या गाडीत, डिझेल भरून निघताना मी नेहमीप्रमाणे मागे वळून "घरी जायचं ना?" असे दोन्ही कुत्र्यांना विचारले आणि बंड्याने मान उचलली नाही. चिमी उठली, तिच्या शेपटीचे कपाटाच्या दारावर दणके बसले, दोन आसनांच्या मधल्या जागेत येऊन तिने पुढचा रस्ता पाहून घेतला. तो मात्र पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून, डोळे उघडे ठेवून तसाच पडून राहिला. तो झोपेत असता तर मी आज लिहायला बसले नसते. तो जागा होता, आणि या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही असे आजवर कधी झाले नव्हते.

पहिल्यांदा मला वाटले की त्याला घरी जायचे नाही. हे वाटण्यामागे त्याचा संबंध कमी आणि माझाच जास्त असावा. एडमंटनच्या घराच्या किल्ल्या मुक्ताकडे आहेत, बर्फ काढणाऱ्या माणसाशी तिने बोलून ठेवले आहे, वरच्या खोलीचे काय करायचे ते मी अजून ठरवलेले नाही. त्याविषयी आज नको. पण वॉटसन लेक सोडल्यावर मैलोगणती फक्त स्प्रूसची झाडे आणि मधूनमधून पिवळे पडलेले अस्पेन लागतात, फोनला रेंज नसते, आणि एक गोष्ट मनात शिरली की तिला बाहेर काढायला काहीही मिळत नाही. कॉन्टॅक्ट क्रीकचा पूल ओलांडताना दरवर्षी मी कुत्र्यांना सांगते की १९४२ सालच्या सप्टेंबरात उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून हा अलास्का महामार्ग काढत आलेल्या सैनिकांच्या तुकड्या इथे भेटल्या. आजही सांगितले. सांगताना आरशात पाहिले, तर तो माझ्याकडे पाहतही नव्हता.

मग मागचे एकेक आठवू लागले. अलास्कातून येताना सीमेपासून तीसेक किलोमीटर आत, बीव्हर क्रीकला कॅनडाचा तपासणी नाका लागतो. तिथल्या अधिकारी मुलीने रेबीजच्या लसीचे दाखले वाचून दोघांनाही नावाने हाका मारल्या, तेव्हा चिमी खिडकीशी धावली आणि बंड्या दुसऱ्या बाजूच्या झुडपांकडे पाहत राहिला. तिथून क्लुएन सरोवरापर्यंतचा रस्ता जमिनीखालच्या कायमच्या बर्फामुळे सारखा उचलतो आणि खचतो. रस्ता बांधताना बुलडोझरांनी वरचे शेवाळ आणि माती खरवडून काढली, त्यामुळे खालचा बर्फ उघडा पडून वितळला आणि सगळा चिखल झाला. शेवटी झाडे तोडून, ओंडके आडवे घालून त्यांवरून रस्ता न्यावा लागला. ती जमीन अजून स्थिरावलेली नाही. आरव्ही त्या उंचवट्यांवरून जाते तेव्हा भांडी अशी आदळतात की स्वतःचे बोलणे स्वतःला ऐकू येत नाही, आणि दरवर्षी त्या पट्ट्यात बंड्या थरथरत माझ्या आसनाच्या मागे तोंड खुपसून बसायचा. यंदा तो निवांत पडून होता. क्लुएनच्या दक्षिण टोकाला, जिथे २०१६ साली कास्कावुल्श हिमनदी मागे सरल्यामुळे तिचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळले आणि स्लिम्स नदीचे पात्र जवळजवळ कोरडे पडले, तिथे धुळीचे लोट उठत होते. मी शिट्टी वाजवली; चिमी आली, तो आला नाही. वारा तसाच होता, म्हणून मीच जाऊन त्याला घेऊन आले.

लियार्डला पोहोचल्यावर मी त्याच्या मागे उभी राहून स्टीलचे झाकण ओट्यावर आपटले. चिमी दचकून भुंकली. बंड्याचा कानही हलला नाही. मग मी जमिनीवर टाच जोरात आपटली, तेव्हा फळ्यांची थरथर त्याच्या पोटाला जाणवली असावी, कारण तो लगेच उठला आणि वळून माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, घराविषयी काही म्हणणेही नव्हते. त्याला ऐकू येत नाही, एवढेच होते.

हे आणखी कोणा कुत्र्याच्या बाबतीत घडले असते तर मला इतके लागले नसते. फेअरबँक्सच्या त्या बाईंनी त्याला आमच्या हवाली केले तेव्हा तो बर्फावरच्या घसरगाडीच्या अग्रभागी धावून निवृत्त झालेला होता. घसरगाडीच्या कुत्र्यांना लगाम नसतो. मागे उभा असलेला माणूस "जी" म्हणाला की उजवीकडे, "हॉ" म्हणाला की डावीकडे. अंधारात, हिमवादळात, गोठलेल्या नदीवर माणूस आणि कुत्रा यांच्यामध्ये आवाजाशिवाय काही नसते. ज्याचे सगळे आयुष्य आवाजावर चालले त्याचाच आवाज गेला. ह्यांनी त्याला मराठी शिकवली, "बस", "थांब", "पुरे आता", आणि तो ती इतक्या लवकर शिकला की मुक्ताला त्याचा हेवा वाटायचा. मागच्या हिवाळ्यानंतर माझे दिवसभराचे मराठी बोलणे त्याच्याशीच होते. चिमीशी मी बोलते, पण ते सूचना दिल्यासारखे. बंड्याला मी सांगते. या उन्हाळ्यात मी त्याला किती काय सांगितले! अलास्कातल्या टोक या गावच्या तळावर रात्री अंधार पडत नव्हता तेव्हा सांगितले, ते मी कोणालाही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. त्यातले त्याच्यापर्यंत काय पोहोचले? कदाचित काहीच नाही. मी एका मिटलेल्या दारासमोर बसून मन मोकळे करत होते, असे वाटून आज संध्याकाळी मला रडू आले, आणि ते त्याच्यासाठी नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

जेवणाच्या वेळी मात्र मी काहीतरी पाहिले. मी खाण्याचा डबा उघडला, चिमीने मान वळवली, आणि लगेच पाठोपाठ बंड्यानेही वळवली. मी दाराची कडी सरकवली, चिमी उठली, मग तो उठला. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता. चिमीचे कान, चिमीचे उठणे, चिमीची शेपटी यांवरून त्याने आपला दिवस चालवायला घेतला आहे आणि हे त्याने आज सुरू केलेले नाही. वॉटसन लेकला तो उठला नाही, कारण चिमी पुढे आली ती त्याच्या पाठीमागून, त्याला ती दिसलीच नाही. घसरगाडीला जुंपलेल्या चमूत हाक ऐकून वळायचे काम पुढच्या कुत्र्याचे असते. बाकीचे मधल्या दोराच्या ओढीने आणि समोरच्याच्या पाठीकडे पाहून वळतात. बंड्याने पुढची जागा सोडली आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याने ते कधी केले हे मला कळले नाही, आणि त्याच्या खाण्यात, झोपेत किंवा फिरण्यात त्यामुळे तसूभरही फरक पडलेला नाही. त्याचे सरावणे होऊन गेले आहे. राहिले आहे ते माझे.

उंच पट्टीचे आवाज आधी जातात असे म्हणतात. शिट्टी गेली असली तरी ह्यांचा खर्जातला आवाज त्याला अजून ऐकू आला असता का, हा विचार मनात आला, पण तो मी पुढे नेला नाही.

रात्री मी त्याच्याशी पुन्हा बोलले. या वेळी त्याच्या छातीवर तळहात ठेवून बोलले, कारण आवाजाची कंपने हातातून जात असतील तर तेवढी तरी जावीत. तो डोळे मिटून पडून राहिला. चिमीने सगळे ऐकून घेतले, आणि माझी त्याला हरकत नाही.

आता काही गोष्टी बदलाव्या लागतील. लियार्डच्या आसपास रानरेडे, म्हणजे बायसन, रस्त्याच्या कडेला कळपाने चरतात. नर जवळजवळ एक टन वजनाचा असतो आणि त्याच्या जवळ गेलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मागे बोलावण्याचा कोणताही उपाय माझ्यापाशी नाही, तेव्हा बंड्या यापुढे दोरीशिवाय खाली उतरणार नाही. अंधारात त्याला बोलवायचे असेल तेव्हा बॅटरी जमिनीवर दोनदा चमकवायची, आणि आला की लगेच खाऊ द्यायचा, हे आजपासून सुरू केले आहे. तिसऱ्या वेळेला तो प्रकाश पाहून आला. आरव्हीतली चिमीची गादी पुढे सरकवून त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी ठेवली आहे. उद्या मंचो सरोवराच्या काठाने जाताना स्टोन जातीच्या रानमेंढ्या खनिजे चाटायला रस्त्यावर उतरतात, त्यामुळे वेग कमीच राहील. फोर्ट नेल्सनला रेंज आली की मुक्ताला फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगायचे आहे, आणि जमले तर वरच्या खोलीचेही बोलायचे आहे.