तुम्ही विचारलंत म्हणून: पुठ्ठ्याची खुर्ची मोडत नाही का?

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलासाठी खोक्यांच्या पुठ्ठ्याची खुर्ची करता येते म्हटलं की हमखास हा प्रश्न येतो. नाही मोडत. मुलाला बसवण्याआधी तिच्यावर मोठ्या माणसाने बसून बघायचंच. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी ही पद्धत घडवली. समाजाधारित पुनर्वसनाच्या, म्हणजे अपंगांना गावातच मदत उभी करण्याच्या कामात ती चालते, कारण रद्दी, मैदा नि सुरी गावातच मिळते.

ताकद थरांची. 5-6 थर खळीने चिकटवताना पुठ्ठ्यातल्या पन्हळी एका थरात उभ्या, पुढच्यात आडव्या ठेवायच्या. सगळ्या एकाच दिशेने गेल्या तर बैठक त्याच रेघेवर दुमडते. खळ म्हणजे 1 वाटी मैदा, 4-5 वाट्या पाणी, चकाकी येईपर्यंत शिजवलेली. बुकबाइंडर किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात; इथे अजिबात नको, मुलं खुर्ची चाटतात. थर चिकटवून झालेली फळी वजनाखाली दाबून वाळवली नाही तर वाकते. सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या लावायच्या त्या कात्रीने न कापता फाडून, म्हणजे कड सपाट बसते.

खुर्ची खराब होते पाण्याने. आत ओल असताना रंग दिला की बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात, आणि खुर्चीच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे.

पण न मोडताही खुर्ची वाया जाते, माप चुकल्यामुळे. मूल ताठ बसवून कुल्ल्यांच्या मागून गुडघ्याच्या खाचेपर्यंत मोजायचं आणि दोन बोटं वजा करायची. तेवढीच बैठकीची खोली. जास्त झाली की मूल पुढे घसरतं, पोक काढतं. मग घरचे मांड्यांमधला ठोकळा मागे सरकवतात आणि तो जांघेत रुततो. ठोकळा आहे गुडघे एकमेकांपासून दूर ठेवायला. घसरण थांबवायला कमरेचा पट्टा लागतो, बैठक नि पाठीच्या सांध्यातून तिरका मांड्यांवर आणलेला. पावलं पूर्ण टेकलेली हवीत.

सुरुवातीला 20 मिनिटं पुरे. उठवल्यावर कातडी बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे दाब येतोय, ती जागा दुरुस्त करा. दर सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्या. पाठीमागे आधीच एक सुटी फळी घातली असेल तर मूल वाढल्यावर ती काढून टाकली की बैठक खोल होते. पायाखालचा पाटही सुटाच ठेवा. पाय लांबले की कमी उंचीचा ठेवता येतो.