एका बटणापायी तीन रात्री

"भाऊ, जतन करानं बटन कोठे शे?" अमळनेरकडच्या एका कापूस उत्पादक गटाच्या कार्यालयातून हा फोन मला इतक्या वेळा आला, की रिंग वाजली तरी डोकं उठायचं.

गटाची साइट ड्रुपलवर, म्हणजे साइट बांधायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर आहे. शेतकऱ्याची नोंद भरायचा फॉर्म: नाव, गाव, गट नंबर, कपाशीचं क्षेत्र, सातबाऱ्याची प्रत. तो दिवसभरात झाला. मग फर्मान आलं, 'कच्ची नोंद' असं एक बटण टाका. सातबारा नंतर आणतो म्हणून शेतकरी निघून जातो. ती नोंद यादीत दिसायला नको, पण हरवायलाही नको. रास्त मागणी. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो.

पहिली चूक लगेच केली. बटण फॉर्ममध्ये सुटंच टाकलं. ड्रुपलमध्ये बटणांना 'ॲक्शन्स' नावाची वेगळी पेटी असते आणि तिचं वेट, म्हणजे वर-खालचा क्रम ठरवणारा आकडा, मुळातच १०० असतं, म्हणून ती सगळ्या रकान्यांच्या खाली जाऊन बसते. माझं सुटं बटण वर, रकान्यांच्या गर्दीत. जतन खाली. कार्यालयातल्या ताई मोबाइलवर नोंदी भरतात, त्यांना तर वर-खाली बोट सरकवण्यातच वेळ जायचा. बटण त्या पेटीच्या आत हलवलं, वेट देऊन जतनच्या शेजारी बसवलं. दहा मिनिटांचं काम.

आणि मग अडकलो.

नवं बटण मी जतनच्या बटणाची नक्कल करून केलं होतं, नुसतं नाव बदललं. नोंद अप्रकाशित करणारं, म्हणजे यादीतून लपवणारं फंक्शन (कोडचा तुकडा) फॉर्मच्या सबमिट यादीत, म्हणजे बटण दाबल्यावर ओळीने करायच्या कामांच्या यादीत जोडलं. 'कच्ची नोंद' दाबली, की नोंद थाटात प्रकाशित! ते चालतं तरी का हे कळावं म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लॉग, म्हणजे खुणेची नोंद टाकला. लॉग कोरा. पहिली रात्र फंक्शनच्या नावातलं स्पेलिंग तपासण्यात गेली, दुसरी कॅशेला, म्हणजे ड्रुपल साठवून ठेवतं त्या जुन्या माहितीला, शिव्या देण्यात. घरात भरताची वांगी भाजली जात होती आणि मी ताटावर बसायला तयार नव्हतो. बायकोने ताट झाकून ठेवलं, बोलली काही नाही. त्याचंच जास्त लागलं.

कारण असं निघालं: बटणाकडे स्वतःची सबमिट यादी असेल, तर ड्रुपल फॉर्मच्या यादीकडे ढुंकूनही पाहत नाही. नकलेबरोबर जतनची यादी माझ्या बटणाकडे आली होती. तिच्यात दोनच कामं, आधी 'सबमिटफॉर्म' (भरलेलं नोंदीत उतरवणं), मग 'सेव्ह' (नोंद साठवणं). तिसऱ्या रात्री माझं फंक्शन त्या यादीच्या शेवटी चिकटवलं. लॉग आला! नोंद तरीही प्रकाशितच. कशी नसेल, सेव्ह होऊन गेल्यावर मी तिला अप्रकाशित करत होतो. बैलगाडी जिनिंगच्या फाटकातून आत गेल्यावर कापूस ओला आहे म्हणून ओरडण्यासारखं. फंक्शन दोघांच्या मधे घातलं आणि पावणेबाराला काम झालं. तेव्हा आनंदापेक्षा राग जास्त आला, स्वतःचाच. नक्कल करताना ती दोन नावं मी वाचली असती तर भरीत गरम खाल्लं असतं.

हे आधी सांगायला हवं होतं: नवीन हुक, म्हणजे ड्रुपलच्या कामात आपला कोड अडकवायचं फंक्शन, लिहिलं की कॅशे साफ केल्याशिवाय ड्रुपलला त्याचा पत्ताच लागत नाही. दुसऱ्या रात्रीच्या शिव्या अगदीच वाया नव्हत्या.

बटणं फार झाली तर 'ड्रॉपबटन' लावता येतं. ज्या-ज्या बटणांना ड्रॉपबटनचं एकच नाव द्याल ती एका बाणाखाली जातात, सगळ्यात कमी वेटचं तेवढं वर दिसतं. मी लावून पाहिलं आणि काढून टाकलं, कारण ताईंना तो बाण दिसलाच नाही. परत फोन.

'काढून टाका' हे बटण नाहीच, बटणासारखी दिसणारी लिंक आहे, पण तीही त्याच पेटीत येते. मोबाइलवर ती जतनच्या अगदी अंगाला लागली. ताईंनी चुकून दाबली, पुढच्या पानावर "नक्की काढायचं का?" विचारलं, त्यांनी सवयीने हो म्हटलं. नोंद गेली. रंग, अंतर यांच्या नादी लागू नका. ताईंच्या खात्याला ड्रुपलमध्ये जी भूमिका दिली असेल तिची हटवायची परवानगीच काढून घ्या, लिंक आपोआप दिसेनाशी होते.

काल पुन्हा फोन. आता 'कच्ची नोंद' हिरवी पाहिजे म्हणे.