आमची वाटचाल : पासपोर्टवर तिचं नाव

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान सुरू झालं ते रेल्वेची तिकिटं काढून देण्यासाठी. गणपती-शिमग्याला चाकरमान्यांची झुंबड, बाकी वर्षभर झेरॉक्स, रिचार्ज आणि लाइट बिलं. परदेश आमच्या डोक्यातही नव्हता. तो आणला माझ्या आत्यानं.

आत्या गुहागरकडची, वय सदुसष्ट. काका जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी मस्कतला, पहिलटकरीण. "मला तिच्या बाळंतपणाला जायचंय, तूच काय ते बघ," एवढंच म्हणाली. मी कागद मागितले आणि तिथेच गाडी अडली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात नाव बदललेलं, म्हणून रेशनकार्डावर सासरचं. बँकेच्या पासबुकावर नुसतं नाव आणि पुढे 'बाई', आडनावच नाही. जन्मतारीख 1 जून, कारण त्या काळी मास्तर सगळ्या वर्गाची तीच लावून टाकत. तिची आई सांगायची, ही नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली. एकाच बाईची तीन नावं, आणि सरकारदरबारी त्या तीन वेगवेगळ्या बाया.

राजपत्रात नावबदल छापून आणण्यापासून सुरुवात झाली. लग्नाची नोंद कुठेच नव्हती. पासपोर्टच्या कामाला तेव्हा आम्हाला मुंबई-ठाण्याकडे जावं लागे. रात्रीची गाडी, पहाटे उतरायचं, काम आटपून पुन्हा रात्रीची गाडी. हे दोनदा केलं. (2017 पासून पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं निघू लागली, तेव्हा सगळ्यात जास्त दगदग वाचली ती साठीपुढच्यांची.) निळं पुस्तक हातात आलं तेव्हा आत्यानं पहिलं पान उघडून बोटानं आपलं पूर्ण नाव वाचलं, आडनावापर्यंत. मग म्हणाली, "हे एवढं पूर्ण कुणी लिहिलंच नव्हतं कधी."

त्या दिवशी ठरलं, अशा आत्यांचे कागद जुळवून त्यांना परदेशी पाठवायचं, हे काम आपण करायचं.

आत्या मस्कतहून परत आली आणि तिनंच गावभर सांगितलं. गोवळकोटच्या एक खाला आल्या, त्यांना दुबईला मुलाकडे जायचं होतं. मग वेळणेश्वरच्या, दापोलीच्या, लांज्याच्या बायका. आमच्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या आखातात. त्यांच्या आया मात्र फोटोच बघत आलेल्या.

एक गोष्ट पहिल्या वर्षातच लक्षात आली. मुलगा किंवा जावई आजींना घेऊन येतो, खुर्ची ओढतो आणि बोलत सुटतो. आजी बाजूला पिशवी मांडीवर घेऊन गप्प. आम्ही खुर्ची आजींच्या समोर नेऊन ठेवतो आणि त्यांनाच विचारतो. रात्री किती वेळा उठावं लागतं? जिना किती पायऱ्यांनंतर जड जातो? कुठल्या गोळ्या, कधी? तिथे गेल्यावर काय बघावंसं वाटतं? यातलं एकही उत्तर मुलाला नीट ठाऊक नसतं. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला खिडकीची जागा देऊन चालत नाही. गुडघे गेलेल्या बाईला विमान बदलायला पाऊण तास पुरत नाही. तीन तास तरी हवेत, आणि व्हीलचेअर निदान 48 तास आधी सांगून ठेवलेली. व्हीलचेअरला बायका लाजतात. मी म्हणते, विमानतळावरचं चालणं हे आपल्या बाजारातलं चालणं नव्हे.

एकदा एक मुलगा आईसाठी युरोपच्या पाच देशांची सहल ठरवूनच आला होता. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "मला एकाच गावात आठ दिवस राहायचंय. रोज सकाळी तळ्याकाठी फिरेन." स्वित्झर्लंडमधलं एक लहान गाव त्यांना काढून दिलं. मुलगा रागावला, आमचं कमिशन निम्म्यावर आलं. मला आजही वाटतं, आम्ही बरोबर केलं. त्या व्हिसाला 30,000 युरोंचा आरोग्य विमा लागतो. तो काढताना आजींनी साखर आणि रक्तदाब लपवू नका असं बजावलं, कारण मुलाला हप्ता वाढेल म्हणून ते लिहायचंच नव्हतं. लपवलेला आजार परदेशातल्या दवाखान्यात उघडा पडला की विमा कंपनी हात वर करते.

बोटांच्या ठशांचंही असंच. आयुष्यभर विळीवर फणस, मासळी आणि नारळ केलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात, यंत्र घेत नाही. म्हणून तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून आम्ही रात्री हाताला व्हॅसलीन लावायला सांगतो.

सामान बांधताना खरी परीक्षा. नातवासाठी अनारसे न्यायचे असतात, पण खसखस अमिरातीत, सौदीत आणि सिंगापूरला बंदी असलेली वस्तू आहे, आणि तिथले कायदे कडक. सुकं खोबरं पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही. हापूसची पेटी अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात. आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड सीलबंद करून खुशाल न्या, जिथे विचारतील तिथे लिहून द्या. इन्सुलिन मात्र हातातल्या पिशवीतच, कारण खालच्या सामानात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह.

आता 22 जुलै 2021 बद्दल. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या कपाटात अकरा जणींचे पासपोर्ट होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर चिखलाचा गठ्ठा. दुकान गेलं त्याचं दुःख होतंच, पण त्या गठ्ठ्याकडे बघून मला रडू आवरलं नाही. एकेक नाव किती खेपांनी उभं राहिलं होतं! भिजलेला पासपोर्ट चालत नाही, नवा काढावा लागतो. फोन बंद, रस्ते खचलेले, म्हणून आम्ही दोघांनी अकराही घरं गाठून स्वतः सांगितलं. चूक आमची होती, दुसऱ्याचा पासपोर्ट तळमजल्यावर ठेवायलाच नको होता. नव्या पासपोर्टची सगळी फी आम्ही भरली. अकरापैकी दोघींनी पुढे नको म्हटलं. नऊजणी आमच्याकडेच राहिल्या. त्यातल्या खाला तर म्हणाल्या, "नाव आहे ना तुझ्या वहीत? मग पुन्हा लिही."

तेव्हापासून कुणाचाही मूळ पासपोर्ट रात्री आमच्याकडे राहत नाही. कार्यालय आता पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही खाली उतरतो. पावसाळ्यात विमान असेल तर मुंबईला एक दिवस आधी पोहोचायचं, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि दरड कुणाचं तिकीट बघत नाही.

नियम बदलत राहतात. नोव्हेंबर 2022 मध्ये अमिरातीनं पासपोर्टवर नुसतं एकच नाव असलेल्यांना भेटीचा व्हिसा बंद केला, तेव्हा आमच्या चौघींची धावपळ झाली. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल हे कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणून नव्या अर्जात आडनावाचा रकाना मी स्वतः दोनदा बघते.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. पासपोर्टची दहा वर्षं संपली तेव्हा तिनं नवा काढून घेतला.  नात मस्कतला शाळेत जाते. या डिसेंबरात तिच्याकडे जायचं म्हणतेय.

येणार असाल तर शनिवारी सकाळी या. शाळेचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. मुलाला पाठवू नका, तुम्ही स्वतः या.